रोटाचा खड्डा

पाणी म्हणजे जीवन. मानवजातीला इतक्या हजार वर्षांत जे काही कळलं, ते सगळं या तीन शब्दांत आलं आहे. सुरतेतल्या भेस्तानच्या अमृतकुंज सोसायटीत हे तीन शब्द पाण्याच्या टाकीवर निळ्या ऑइलपेंटने रंगवलेले आहेत आणि त्यांच्याखाली रंगाऱ्याचा मोबाइल नंबर आहे. टाकीत पाणी नाही. ते तितक्या उंचीवर चढत नाही हे लक्षात आल्यावर प्रत्येक घराने आपापली मोटार बसवली आणि गल्लीखालच्या लाइनमधून पाणी थेट घरात ओढायला सुरुवात केली. टाकी सुविचारापुरती उरली. त्या वर्षी आषाढ संपता संपता या सुविचाराच्या सावलीतली निम्मी गल्ली कावीळ होऊन पडली होती.

सुकदेव बोरशांच्या घरात कावीळ अजून आली नव्हती. पण शेजारच्या भिंतीपर्यंत आली होती, आणि भिंत सामाईक होती. घरात सून मयुरी सातव्या महिन्यात होती. त्यामुळे सुकदेवांची झोप उडाली होती, आणि झोप उडाल्याबद्दल कुणाचे आभार मानावेत हे त्यांना प्रथमच सुचत नव्हतं.

कारण सुकदेव हा मुळात कृतज्ञ माणूस. प्लेगच्या वर्षी सुरतेहून माणसं गाड्यांच्या टपावर बसून पळत होती, तेव्हा हे अमळनेरहून उलट्या दिशेने सुरतेला आले. डबा रिकामा होता, खिडकीची जागा मिळाली. सुरतेत उतरल्यावर कामही लगेच मिळालं, कारण करणारे सगळे पळाले होते. या दोन्ही उपकारांखाली ते पुढची तीस वर्षं वाकून चालले. उधन्याच्या लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, ते हेल्परचे मास्तर झाले. एकदा मागाच्या पट्ट्यात बोटाचं टोक गेलं, तेव्हा उरलेल्या बोटांबद्दल त्यांनी मालकाला नारळ दिला. डेपोत बस वेळेवर आली तर ते ड्रायव्हरला धन्यवाद म्हणत आणि उशिरा आली तर आल्याबद्दल म्हणत. ज्या गावाने पोटाला दिलं त्याच्याविरुद्ध तक्रार करायची नाही, हे त्यांचं ब्रीद होतं. म्हणून नळाचं पहिलं पाणी चहासारखं यायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "पावसाळ्याचं पाणी आहे, रंग असणारच." वास यायला लागला तेव्हा म्हणाले, "औषध टाकत असतील. काळजी घेतात बिचारे."

प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाई मात्र कृतज्ञ स्वभावाच्या नव्हत्या. मयुरीचं रक्त तपासून त्या म्हणाल्या, "अजून काही नाही. कुठे राहता?"

सुकदेवांनी अभिमानाने पत्ता सांगितला.

"तुमच्याच गल्लीतले पेशंट सगळीकडे फिरतायत," बाई म्हणाल्या. "हे बघा काका, ही कावीळ पाण्यातून येते. गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात गेलं की येते. धडधाकट माणसाला ती महिनाभर झोपवते आणि जाते. गरोदर बाईला झाली तर मी तुम्हाला काळजी करू नका असं म्हणणार नाही. पाणी उकळून द्या, नाहीतर हिला दुसरीकडे पाठवा."

सुकदेवांनी त्यांचे आभार मानले. बाहेर आल्यावर मात्र त्यांना रिक्षा थांबवायचंही सुचलं नाही.

दुसरीकडे म्हणजे शिरपूर, मयुरीचं माहेर. मुलगा ललित साड्यांच्या मार्केटात कामाला होता. तो म्हणाला, उद्याच सोडून येतो. पण पुढच्या शनिवारी कानबाईचे रोट होते, आणि रोट या वर्षी सुकदेवांच्या घरी होते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, ही खानदेशाची देवी, बसते. तिच्या आदल्या संध्याकाळी सगळी भावकी एका घरी जमून रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, जेवते. हे जेवण फक्त भाऊबंदांनीच जेवायचं. घरच्या लेकीलाही लग्न झाल्यावर त्यातला घास नाही, सुनेला मात्र आहे. खानदेशातली माणसं सुरतेला आली तेव्हा शेतं मागे ठेवून आली, देवी बरोबर घेऊन आली. बोरशांच्यात रोटाचं घर पाळीने फिरे. मधल्या वर्षांत कुणी वारलं, कुणी भांडलं, आणि सुकदेवांची पाळी पुढे पुढे जात अखेर या वर्षी आली. लग्नानंतरची सुनेची पहिली कानबाई, त्यात तिला दिवस गेलेले, आणि तीच घरात नाही, हे सुकदेवांच्या पत्नी शोभाबाईंच्या डोक्यात कुठल्याच बाजूने शिरेना.

"आठ दिवसमा काय व्हई जाई?" त्या अहिराणीत म्हणाल्या.

"आई, डॉक्टर म्हणतात—"

"डॉक्टरना घर रोट शेत का?"

डॉक्टरांच्या घरी रोट नव्हते.

शेवटी मयुरीनेच निकाल दिला. ती बी.कॉम. होती, घरी बसून एका साडीवाल्याचा ऑनलाइन धंदा सांभाळत होती आणि गिऱ्हाइकांच्या सवयीमुळे फार शांत बोलायची. "मी थांबते रोटापर्यंत. रविवारी हे मला सोडतील," ती म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "पण बाबा, पाण्याचं तुम्ही बघा."

सुकदेवांना यापूर्वी पुष्कळ जणांनी पुष्कळ कामं सांगितली होती. पाण्याचं कुणी सांगितलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी वीस लिटरचा जार घेऊन आले, आणि मयुरीने फक्त त्यातलंच प्यायचं असं ठरलं. उकळण्याचं शोभाबाईंसमोर काढताच त्या म्हणाल्या, "पानी उकाळं का ते मरी जास." जार निदान मेलेला नव्हता. पण त्यांनी आधीच बजावलं, की रोटाच्या दिवशी हा जार उंबऱ्याच्या बाहेर. कुणी भरला, कुणी उचलला, कुणाचा हात लागला, देव जाणे. रोटाला घरच्या नळाचं पाणी लागतं, तेही पहिलं. नळाला पाणी आलं की कुणी चूळ भरायच्या आत, कुणाची बादली लागायच्या आत, घरच्या बाईने नव्या कळशीत धार धरायची. सगळ्यांच्या आधीचं, म्हणून शुद्ध. रोट त्यातच शिजतात, आणि पहिला घोट कानबाईला दाखवून घरची सून पिते.

सुकदेवांना दोघींचंही पटलं. त्यांना नेहमी दोन्ही बाजूंचं पटत असे, म्हणून तर खात्यात ते मास्तर झाले होते.

गल्लीत तोवर उपचार जोरात चालू होते. लिंबायतकडे एक बाबा कावीळ उतरवून देत. ते रोग्याच्या हातावर चुन्याचं पाणी चोळून ताटात धूत, आणि ताटातलं पाणी पिवळं होई. रोगी ते पाणी बघून निम्मा बरा व्हायचा आणि घरी येऊन नळाचं पाणी प्यायचा. सोसायटीचे चेअरमन छगनभाई यांनी स्वखर्चाने उसाच्या रसाची गाडी गल्लीत उभी करून घेतली, कारण काविळीला रस चांगला. रसात बर्फ होता. बर्फ कशाचा होता, हे कुणी विचारलं नाही. सुकदेवांनी बाबांचेही आभार मानले आणि छगनभाईंचेही. तक्रार करावी असं एकदा त्यांच्या मनात आलं होतं. पण सुरत स्वच्छतेत देशात पहिली की दुसरी यावर बोर्ड लागलेले, आणि अशा गावात पाणी घाण येतं म्हणायचं म्हणजे जेवायला बोलावणाऱ्याच्या ताटात केस दाखवण्यासारखं. ते गप्प बसले, आणि मयुरी पाणी प्यायली की ग्लास जारचा आहे ना, हे लांबून बघत राहिले.

शनिवार उजाडला. दुपारपासून भाऊबंद यायला लागले. पर्वत पाटियाहून चुलतभाऊ निंबा आला. तो साड्यांच्या गठ्ठ्यांचा टेम्पो चालवायचा आणि तोंड टेम्पोच्या हॉर्नसारखं वापरायचा. गल्लीतून येताना त्याने दोन्हीकडच्या ओट्यांवर बसलेले रोगी नीट पाहून घेतले होते.

"दादा, तुमनी गल्लीमा समदा पिवळा दिसी ऱ्हायनात," तो चप्पल काढता काढता म्हणाला. "कोणानी हळद शे का?"

"हसू नको. घरात पोटुशी बाई आहे."

निंबा लगेच मयुरीची चौकशी करायला आत गेला. माणूस वाईट नव्हता, फक्त आवाज मोठा होता.

आता एक काम पुरुषांचं राहिलं होतं, ते म्हणजे खड्डा. बोरशांच्या घराण्यात रोट जेवल्यावर हात धुतलेलं पाणी गटारात जाऊ देत नाहीत. देवीचं अन्न लागलेलं पाणी, ते कुणाच्या पायाखाली यायला नको. म्हणून अंगणात खड्डा खणायचा, सगळ्यांनी त्यावर हात धुवायचे, उष्टं खरकटं त्यातच टाकायचं आणि वरून माती लोटायची. गावाला अंगण होतं आणि अंगणाखाली माती होती. अमृतकुंजात पायरीच्या पुढे पेव्हर ब्लॉक होते. दुसऱ्या घरांनी अशा वेळी बादली वापरली असती. पण इतक्या वर्षांनी पाळी आली होती, आणि सुकदेवांना देवीच्या बाबतीत बादली ही पळवाट वाटली. त्यांनी उचकटून चार ब्लॉक बाजूला काढले आणि पहार घेतली.

पहिली वीतभर वाळू निघाली. मग विटांचे तुकडे, मग गुटख्याच्या पुड्या, मग एक केबल. केबल कशाची होती ते माहीत नसल्यामुळे दोघांनी तिला नमस्कार करून बाजूला सारलं.

"दादा, आठे ते समदं शहर गाडेल शे," निंबा म्हणाला. "जरा तिरपं खणा."

तिरपं खणलं आणि पहार कशावर तरी ठण्ण वाजली. माती हाताने सारली तर एक लोखंडी पाइप, बोटाने ढकललं तरी पापुद्रे सुटतील असा गंजलेला. शेजारी गटाराच्या चेंबरची भिंत. पाइप त्या भिंतीतून बाहेर आला होता आणि त्याच्या तोंडात एक लाकडी गुट्टी चिंधी गुंडाळून ठोकलेली होती. चिंधी कुजली होती, गुट्टी सैल झाली होती. चेंबरच्या फुटक्या भिंतीतून काळं पाणी खड्ड्यात उतरायला लागलं आणि बघता बघता पाइप बुडाला. वास असा आला, की समोरच्या ओट्यावरच्या रोग्याने प्रथमच जागा बदलली.

"फुटना पाइप, दादा," निंबा म्हणाला.

"मी नाही फोडलं. ते आधीच—" सुकदेव म्हणाले. शहराने तीस वर्षं सांभाळलं आणि आपण शहराचा पाइप फोडला, असं त्यांना वाटत होतं. ते घाईने माती परत लोटायला लागले, तेवढ्यात पाण्याची वेळ झाली.

पाण्याची वेळ झाल्याचं अमृतकुंजात घड्याळ बघून कळत नाही. सगळ्या घरांतून एकदम गुरगुर सुरू होते. शेजाऱ्याच्या आधी आपलं भरावं म्हणून जो तो पाणी यायच्या थोडं आधीच मोटार लावतो, म्हणजे लाइनमध्ये काहीच नसताना सगळी गल्ली मिळून तिला चोखत असते. त्या दिवशीही मोटारी लागल्या. आणि खड्ड्यातलं काळं पाणी हललं.

आधी सुकदेवांना भास वाटला. मग पाण्यावर तरंगणारी गुटख्याची पुडी हळूहळू पाइपाच्या तोंडाकडे निघाली, तिथे गोल फिरली आणि उभी राहिली. पाणी कमी होत होतं. जमिनीत मुरत नव्हतं. गुट्टीच्या फटीतून सुर्र असा आवाज करत ते पाइपात चाललं होतं. कुणीतरी नळीने सरबत प्यावं, तसं अमृतकुंज सोसायटी त्यांच्या डोळ्यांदेखत गटार पीत होती.

"निंबा," सुकदेव म्हणाले, "हे कुठे चाललंय?"

उत्तर आतून आलं. स्वयंपाकघरात नव्या कळशीत नळाची पहिली धार पडल्याचा आवाज आला.

सुकदेव उठले. पाय घोट्याच्या वर काळे, हात कोपरापर्यंत काळे. आतल्या खोलीत चौरंगावर कानबाईची तसबीर मांडलेली, सारवलेली फरशी, सोवळ्यात चाललेली रोटाची तयारी, दारात भावकीतल्या बायका. अशा वेळी धुतलेल्या पायांनी जायलाही माणूस विचारून जातो. सुकदेव विचारायला थांबले नाहीत. कळशी चौरंगापुढे ठेवलेली होती. शोभाबाईंनी त्यातला पेला भरून देवीला दाखवला होता आणि मयुरीच्या हातात दिला होता. दुपारभर त्या तयारीत राबून मयुरी घामाने भिजलेली होती. तिने पेला ओठापाशी नेला. नाकाशी आल्यावर ती थबकली, सासूकडे पाहिलं, आणि सासू बघते आहे म्हणून पुन्हा उचलला.

सुकदेवांनी पेला हिसकावला. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून पायाने कळशी लवंडली. गटारातला पाय, देवीपुढची कळशी. पाणी फरशीवरून, रांगोळीवरून, बायकांच्या पायांमधून दारापर्यंत गेलं.

मग शोभाबाई अगदी हळू म्हणाल्या, "देवनं पानी सांडं तुम्ही."

"देवाचं नव्हतं ते," सुकदेव म्हणाले. "प्यायलीस का पोरी? घोटभर तरी?"

"नाही बाबा."

"खरं सांग."

"नाही. वास येत होता."

सुकदेव तिथेच, ओल्या फरशीवर, देवीसमोर बसले. त्यांना कुणाचे तरी आभार मानायचे होते.

दारात निंबा उभा होता. "वहिनी, दादा खरं सांगी ऱ्हायनात," तो म्हणाला. "खड्डानं पानी नळमा चाली ऱ्हायनं. या, दाखाडस."

शोभाबाई सोवळ्यातून उठल्या आणि खड्ड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पुडीला पाइपाच्या तोंडाशी फिरताना पाहिलं. मग पदर नाकाला लावून त्या घरोघरी गेल्या आणि मोटारी बंद करा म्हणाल्या. घरोघरी उत्तर एकच मिळालं. छगनभाई गुजरातीत म्हणाले, "पहेलां बीजा बंद करे, पछी हुं करुं." आधी दुसऱ्यांनी करावी, मग मी. दुसरेही हेच म्हणत होते. एकाने तर खड्डा बघून निष्कर्ष काढला, की काविळीचं मूळ बोरशांचा खड्डा आहे. खड्डा तासाभरापूर्वीचा आणि कावीळ महिन्याची, ही अडचण त्याला मोठी वाटली नाही. अखेर शोभाबाईंनी प्रत्येकाच्या बायकोला हाताला धरून खड्ड्यापाशी आणलं. बायकांनी पाहिलं. त्यानंतर मोटारी पटापट बंद झाल्या.

आता तक्रार करणं भाग होतं. ललित अजून मार्केटातून यायचा होता. सुकदेवांनी हात धुतले, जारच्या पाण्याने, आणि आयुष्यातली पहिली तक्रार करायला पालिकेला फोन लावला.

"बोलो काका, शुं फरियाद छे?" पलीकडून मुलगी म्हणाली.

"फरियाद नहीं है बेन," सुकदेव म्हणाले. "पहले तो आपका बहुत आभार. तीस साल से पानी पीता हूं."

"जी. फरियाद?"

"लाइट भी रेग्युलर है. कचरेवाली गाडी रोज आती है, गाना भी अच्छा बजाती है."

"काका, फरियाद बोलो."

सुकदेवांनी डोळे मिटले. "बेन, मेरी बहू पेट से है," ते म्हणाले, "और हमारे नल में गटर आ रही है."

मुलीचा आवाज एकदम बदलला. तिने पत्ता दोनदा विचारला आणि सांगितलं, की आज कुणीही नळाचं पाणी पिऊ नका, टीम येईल. सुकदेवांनी तिचे इतके आभार मानले, की शेवटी तिने फोन ठेवला.

रोटाचा प्रश्न उरलाच होता. घरचं पाणी नाही आणि जार चालत नाही. रोट अर्धवट राहिले असते तर शोभाबाईंनी उरलेलं आयुष्य त्याची कारणं मोजण्यात काढलं असतं. निंबा डोकं खाजवत पुढे आला. "वहिनी, मी भाऊबंद शे का नई?" त्याने विचारलं.

"मंग?"

"मंग मना घरनं पानी तुमनं घरनं पानी नई का?"

शोभाबाईंनी थोरल्या जावेकडे पाहिलं. थोरल्या जावेने देवीकडे पाहिलं. देवीकडून हरकत आली नाही. निंबाने मयुरीला विचारलं, तुला कसं पाहिजे ते सांग. ती म्हणाली, काका, चांगलं खळखळून उकळलेलं आणा. शोभाबाईंनी हे ऐकलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पाणी मेल्याबद्दल काही बोलल्या नाहीत. निंबाने पर्वत पाटियाला फोन करून बायकोला मोठं पातेलं चढवायला सांगितलं आणि टेम्पो काढला. तो परत आला तेव्हा साड्यांच्या टेम्पोत, गठ्ठ्यांच्या दोरीने बांधलेली दोन नवीकोरी पिंपं होती, आणि येतायेता प्रत्येक सिग्नलला उतरून त्याने झाकण तपासलं होतं. मयुरी पहिला पेला प्यायली. पाणी कोमट होतं. सगळे तिच्याकडे असे बघत होते, की तिला तो संपवावाच लागला.

रोट उशिरा झाले पण झाले. हात घमेल्यात धुतले आणि घमेलं मातीने भरलेल्या रंगाच्या जुन्या डब्यात रिकामं केलं. ज्या बादलीला सुकदेव पळवाट म्हणत होते, तिचाच हा धाकटा भाऊ होता. देवीने तेही चालवून घेतलं.

रविवारी सकाळी टीम आली. त्यांनी गल्ली उकरली, पाइप मुळापर्यंत शोधला. तो कुणाच्याच घरचा नव्हता. सोसायटी बांधताना बिल्डरने मजुरांसाठी एक नळ काढला होता. जवळचा रस्ता म्हणून तो गटाराच्या चेंबरमधून नेला आणि काम झाल्यावर त्याला गुट्टी ठोकून निघून गेला. बिल्डर कुठे आहे हे कुणाला माहीत नव्हतं. टीमच्या साहेबांनी मोटारी पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "गटर तमारा घरमां पोते नथी आवती," ते म्हणाले. "तमे खेंचो छो." गटार आपणहून घरात येत नाही, तुम्ही ओढता. त्यांनी तो पाइप कापला, तोंड बंद केलं, चेंबर बांधलं, लाइन औषधाने धुतली, घरोघर गोळ्या वाटल्या. सुकदेव सकाळभर त्यांच्या मागेमागे होते. रोट त्यांना देता येत नव्हते, भाऊबंदांचंच अन्न. म्हणून त्यांनी नाक्यावरून गरम लोचो आणि जिलेबी आणली, आणि जो खणत होता त्याच्या हाताला माती म्हणून स्वतः त्याला भरवली. तो लाजला, पण त्याने खाल्लं.

पाणी सुधारलं, आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत गल्ली पिवळीची पुन्हा सावळी झाली. हे कुणामुळे झालं यावर एकमत होणं कठीण होतं. शोभाबाई म्हणाल्या, कानबाईने खड्डा खणायला लावला. लिंबायतच्या बाबांनी सांगितलं, की त्यांचं पाणी उतरायला वेळ घेतं. छगनभाईंनी टाकीखाली फ्लेक्स लावला, त्यात चेअरमनच्या अथक प्रयत्नांचा उल्लेख होता आणि मागे धबधबा होता. सुकदेवांनी सगळ्यांना नारळ दिला. त्यांच्या हिशेबात सगळेच खरे होते. मग एक नारळ घेऊन ते पालिकेच्या कचेरीत गेले. खिडकीवरच्या कारकुनाने तक्रार क्रमांक विचारला. सुकदेव म्हणाले, तक्रार नाही, आभार आहेत. कारकुनाने कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधलं आणि सांगितलं, की आभाराचा ऑप्शन नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई उठून आल्या. इथे असं कुणी येत नाही, म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही हातांनी नारळ घेतला. सुकदेवांचे डोळे भरून आले. त्यांनी त्या बाईंचेही आभार मानले.

मयुरी रविवारीच शिरपूरला गेली होती. दर आठवड्याला रक्त तपासलं, दर वेळी चांगलं आलं, आणि दर वेळी सुकदेवांनी फोनवर तपासणाऱ्याचं नाव विचारून घेतलं. कोजागरीच्या आसपास मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. सुकदेव, शोभाबाई आणि निंबा टेम्पोनेच शिरपूरच्या दवाखान्यात गेले. सुकदेवांनी नातीला मांडीवर घेतलं आणि ती झोपेत जांभई देईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आलीस बाई. फार उपकार झाले."

मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी उजेडात पाहिलं, तर बाळ पिवळं दिसत होतं. चेहरा पिवळा, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. निंबा टेम्पोच्या किल्ल्या शोधायला लागला. सुकदेव अनवाणी दवाखान्याच्या आवारात गेले, तिथल्या नळाशी उभे राहिले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागले की ही लाइन कुठून येते आणि इथे पहार कुठे मिळेल.

डॉक्टर आले. त्यांनी बाळ तपासलं आणि सांगितलं, की ही कावीळ वेगळी, तिचा पाण्याशी काही संबंध नाही. ती निम्म्याहून जास्त बाळांना होते आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जाते.

"आपोआप जाते," सुकदेव म्हणाले, "मग नारळ कुणाला द्यायचा?"